बालमधुमेह आणि आनुवंशिकता : उंदरांच्या एका वाणाने दिलेले उत्तर

मुलाला आयुष्यभर इन्शुलिन घ्यावे लागेल, हे कळताच बहुतेक आईवडील विचारतात, "आमच्या घराण्यात कोणाला साखर नाही; मग आमचे काय चुकले?" कित्येकदा या प्रश्नाआडून दोष आईच्या माथी येतो. प्रयोगशाळेतील उंदरांच्या एका वाणाने या प्रश्नाला दिलेले उत्तर आमच्या हितचिंतकांनी व रुग्णांच्या नातलगांनी अवश्य जाणून घ्यावे.

जपानमधील शिओनोगी कंपनीच्या प्रयोगशाळेत मोतीबिंदूच्या अभ्यासासाठी उंदरांची पैदास चालू असता १९७४ मध्ये एका मादीस आपोआप मधुमेह झाला. तिच्या वंशातून सिद्ध झालेल्या 'नॉड' वाणाचे वर्णन माकिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले. हे उंदीर लठ्ठ नसतात. चार-पाच आठवड्यांचे असतानाच त्यांच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर शरीराच्याच संरक्षक पेशी चाल करून येतात. रक्तातील साखर मात्र बाराव्या आठवड्याच्या सुमारास वाढू लागते. तोवर प्राणी वरकरणी निरोगी! मुलांमध्येही ही मूक अवस्था अनेक महिने, कधी कित्येक वर्षे चालते.

या उंदरांमधील सर्वांत प्रभावी जनुके सतराव्या गुणसूत्रावर आहेत. आपले कोण व परके कोण, हे संरक्षक पेशींना दाखवणारी प्रथिने ती घडवतात. माणसात हेच काम सहाव्या गुणसूत्रावरील जनुके करतात. त्यांतील एका प्रथिनाच्या सत्तावन्नाव्या स्थानावरील फरकाचा या मधुमेहाशी संबंध असल्याचे १९८७ मध्ये दिसून आले आणि नॉड उंदरातही नेमक्या त्याच स्थानी फरक आढळला. परंतु हीच जनुके दुसऱ्या निरोगी वाणात आणली, तर ते उंदीर मधुमेही होत नाहीत. त्यांना इतर अनेक जनुकांची साथ लागते.

आम्हांला याहून बोलकी वाटते ती पुढील गोष्ट. नॉड उंदीर जनुकांच्या दृष्टीने जणू एकमेकांची जुळी भावंडे; पिंजरा एक, अन्न एक. तरीही साधारणपणे माद्यांपैकी ६० ते ८० टक्के आजारी पडतात, नरांचे प्रमाण बरेच कमी असते. शिवाय अतिस्वच्छ जागेत रोग वाढतो, काही जंतुसंसर्गांनी तो घटतो. म्हणजे वारशाने येते ती केवळ प्रवणता. ती कोणी निवडलेली नसते आणि मुलाला गोड खाऊ घातल्याने हा आजार होत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही खरे. नॉड उंदरांत यशस्वी ठरलेले कितीतरी उपाय माणसांत निष्फळ ठरले. १९९४ मध्ये या उंदरांत गुणकारी दिसलेल्या एका प्रतिपिंडाच्या वाटेने मात्र टेप्लिझुमॅब हे औषध आले. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यास मान्यता मिळाली. ते मूक अवस्थेतील व्यक्तींमध्ये रोगाची सुरुवात लांबवते. रोग बरा करीत नाही.

म्हणून कोणत्याही चूर्णाच्या वा काढ्याच्या भरवशावर मुलाचे इन्शुलिन एक दिवसही बंद करू नये. भावंडास अतितहान, वारंवार लघवी वा वजनातील घट दिसल्यास त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी.