सर्व्हर काय म्हणतो ते आधी ऐका

मेल येत नसला की आपल्या हॉस्टेलात दोनच उपाय चालतात. पासवर्ड बदला, नाहीतर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. या दोन्हीच्या आधी करायची गोष्ट म्हणजे सर्व्हरने नेमकं काय उत्तर दिलं ते वाचणं. आज तेच पाहू. (माझं मराठी कॉन्व्हेंटछाप आहे, इंग्रजी शब्द भरपूर येतील. सांभाळून घ्या.)

मेल पाठवताना आपला मेल प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, आणि सर्व्हर एसएमटीपी या भाषेत बोलतात. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ मध्ये तिचे नियम लिहिले. तीन आकडी उत्तरांची पद्धत आजही तीच आहे. पहिला आकडाच बरंचसं सांगून जातो. २ म्हणजे झालं, ३ म्हणजे पुढचं द्या, ४ म्हणजे आत्ता नाही, नंतर या, आणि ५ म्हणजे नाही म्हणजे नाही. खेड्यात पोस्टमन पाकिटावर 'दार बंद' लिहून दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, तो आपला ४. 'या नावाचे कोणी राहत नाही' असं लिहून पत्र परत पाठवतो, तो ५. म्हणून ४५१ दिसला तर सेटिंगला हात लावू नका, थोडं थांबा. ५५० दिसला तर कितीदा सेंड दाबलं तरी उपयोग नाही, पत्ता तपासा. लॉगिनचं खरं भांडण ५३५ मध्ये असतं.

मेल घ्यायच्या पॉप-३ भाषेत एवढेही आकडे नाहीत. 'प्लस ओके' किंवा 'मायनस ईआरआर', बस. आणि इथेच मोठा घोटाळा होतो, कारण लॉगिनच्या वेळी मायनस ईआरआर आलं की बरेच जुने क्लायंट कारण न वाचता पासवर्डची खिडकी उघडतात.

मागच्या पावसाळ्यात आमच्या हॉस्टेल ऑफिसात हेच झालं. शिष्यवृत्तीच्या पडताळणीचं पत्र ऑफिसच्या मेलवर येणार होतं, मुदतीला चार दिवस उरले होते, आणि जुना पीसी सारखा पासवर्ड मागत होता. "तीनदा बदलला बावा, तरी मागूनच राहिला," काका म्हणाले. यादीत आमच्या मजल्यावरची मुलं होती. त्यातल्या दोघांची पुढच्या वर्षाची फी त्या पैशांवरच अवलंबून होती.

मी लॅपटॉपवर ओपनएसएसएल वापरून थेट ९९५ पोर्टला जोडलं आणि यूझर, पास या दोन कमांड हाताने टाईप केल्या. उत्तर आलं: मायनस ईआरआर, आणि चौकटी कंसात 'इन-यूज'. म्हणजे पासवर्ड बरोबर, पण पेटी आधीच कोणीतरी उघडून बसलंय. हा कंसातला शब्द १९९८ च्या आरएफसी २४४९ मधला आहे. पासवर्डच चुकला असेल तर 'ऑथ' असं वेगळं लिहायची सोय २००२ मध्ये आली. ज्या सर्व्हरवर या सोयी आहेत तिथे तो स्वच्छ सांगतो, क्लायंट ते आपल्याला दाखवत नाही एवढंच.

पेटी कोण उघडून बसलं होतं? तोच पीसी! वाशीमची लाईट तुम्हाला माहीत आहे. मेल उतरत असताना लाईट गेली, पीसी बंद पडला, पण सर्व्हरला कोणी 'क्विट' म्हटलं नाही. पॉप-३ च्या नियमाप्रमाणे पेटीला एका वेळी एकाचंच कुलूप असतं, आणि गप्प बसलेल्या गिऱ्हाईकाला बाहेर काढण्याआधी सर्व्हरने निदान १० मिनिटं थांबायचं असतं. लाईट तीन मिनिटांत आली तर पुढची सात मिनिटं काकांना पासवर्डची खिडकीच दिसणार.

पण मग १० मिनिटांनी तरी पत्र का येत नव्हतं? कारण रांगेत त्याच्या पुढे स्कॅन केलेल्या फॉर्मांचा एक अवजड मेल होता. तो अर्धा उतरायचा, लाईन तुटायची, पुढच्या वेळी तोच मेल पहिल्यापासून. त्याच्या मागचे सगळे खोळंबलेले. ब्राउझरमधून वेबमेल उघडून तो अवजड मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकवला (पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो), क्लायंटचा सर्व्हर टाइमआउट वाढवला आणि पत्र मिनिटभरात खाली आलं. मुदतीत कागद गेले.

चूक नेहमी सर्व्हरची किंवा नेहमी क्लायंटची असते असं नाही. आउटलुक एक्सप्रेस ४ ला लॉगिनची यादी 'ऑथ' पुढे बरोबरचं चिन्ह असलेल्या जुन्या रूपातच कळायची. नियमात तिथे रिकामी जागा आहे. पोस्टफिक्स या सर्व्हरने त्याच्यासाठी एक वेगळं सेटिंगच ठेवलं, आणि त्याच्या नावातच 'ब्रोकन' हा शब्द आहे. मला हे फार आवडलं.

काही वेळा दोघंही गप्प बसतात. ४६५ पोर्टवर सर्व्हर पहिल्या क्षणापासून टीएलएसची वाट पाहतो. क्लायंटला तिथे स्टार्टटीएलएस सेट केलं असेल तर तो सर्व्हरच्या २२० या नमस्काराची वाट पाहतो. पहले आप, पहले आप, आणि शेवटी टाइमआउट. स्टार्टटीएलएससाठी ५८७ वापरा. तरीही जोडणी तुटत असेल तर टीएलएसची आवृत्ती पाहा. १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. विंडोज ७ मध्ये १.२ आहे, पण बऱ्याच प्रोग्रामांसाठी ती मुळात बंद असते. जीमेलला जुन्या क्लायंटमधून ५३५ येत असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय ३० मे २०२२ पासून बंद होत गेली. टू-स्टेप चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

आपल्या लिपीचंही यात एक प्रकरण आहे. २०१४ मध्ये .भारत डोमेन देवनागरीत मिळू लागलं. पण मराठीत लिहिलेल्या पत्त्यावर मेल जायला वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने आपल्या सोयींच्या यादीत 'एसएमटीपी-यूटीएफ-८' असं सांगावं लागतं. हा नियम २०१२ चा, पोस्टफिक्समध्ये तो २०१५ मध्ये आला. एकाही सर्व्हरने तसं म्हटलं नाही तर मेल परत येतो, आणि पत्ता मात्र अगदी बरोबर असतो.

हाताने कमांड द्यायचा कंटाळा असेल तर आउटलुकच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ट्रबलशूटिंग लॉगिंग चालू करून प्रोग्राम पुन्हा उघडा, संवादाची नोंद टेम्प फोल्डरमध्ये मिळेल. काम झालं की बंद करा. लॉग कोणाला पाठवायच्या आधी लॉगिनच्या ओळी खोडा, कारण तिथे दिसणारी बेस-६४ मधली अगम्य अक्षरं कुलूपबंद नसतात, कोणीही ती दोन सेकंदांत उलटी करून पासवर्ड वाचू शकतो.