दुबईत पगार थकलाय, वर धमक्या? पळू नका, आधी हे करा



"दोन वर्षं दुबईला जातो, पैसे साठवतो आणि गावाकडं गॅरेज टाकतो." आपल्यातले कितीतरी जण असा हिशेब करून निघतात. आता समजा, पगार १,८०० दिरहम ठरला आणि मालकाने चार महिने दिलाच नाही. ७,२०० दिरहम अडकले. हे तुमच्या धंद्याचं भांडवल आहे. उधारी वसूल करताना आपण डोकं शांत ठेवतो आणि कागद पुढे करतो. इथेही तेच करायचं.

आज आपण फक्त यूएईमधल्या खासगी कंपन्यांचे नियम बघू. घरकामगारांसाठी कायदा वेगळा आहे.

१) न सांगता काम सोडू नका

वैतागून माणूस रूम सोडतो, मित्राकडे जाऊन राहतो. मालकाला हेच हवं असतं. तो "माणूस पळाला" अशी तक्रार टाकतो आणि पगार मागणाराच आरोपी ठरतो. सलग सात दिवसांपेक्षा जास्त विनाकारण गैरहजर राहिलात, तर नोटीस न देता काढायची सोय कायद्यात आहे. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी तक्रार, मग बाहेर.

२) पुरावा गोळा करा

- ऑफर लेटर आणि करार
- बँक किंवा एक्स्चेंज हाऊसचं स्टेटमेंट
- हजेरीचे फोटो, ड्युटी चार्ट
- मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज, व्हॉइस नोट

तिथे २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची सरकारी पद्धत आहे, तिला डब्ल्यूपीएस म्हणतात. त्यामुळे पगार जमा झाला नाही, हे नोंदीत दिसतं. म्हणूनच काही मालक "रोख मिळाले" अशी सही मागतात किंवा एटीएम कार्ड काढून घेतात. पैसे हातात नसताना सही नाही, आणि कार्ड कुणाला द्यायचं नाही!

३) तक्रार कुठे करायची?

तिथल्या कामगार मंत्रालयाकडे. त्याला सगळे 'मोहरे' म्हणतात. ॲपवरून किंवा फोनवरून तक्रार होते. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो. रक्कम ५०,००० दिरहमपर्यंत असेल तर २०२४ पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं. त्यावर रक्कम असेल आणि तडजोड झाली नाही, तर प्रकरण कोर्टात जातं. दावा एक लाख दिरहमपर्यंत असेल तर कामगाराला कोर्ट फी नाही.

४) त्रास, धमकी, मारहाण

२०२१ चा कामगार कायदा (क्रमांक ३३) शिवीगाळ, दमदाटी, मानसिक छळ आणि लैंगिक छळ या सगळ्याला मनाई करतो. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणंही बेकायदा आहे. मारहाण किंवा छळ झाला, तर नोटीस न देता काम सोडता येतं. पण पाच कामाच्या दिवसांत मंत्रालयाला आणि पोलिसांना कळवायला हवं. फक्त पगार थकला असेल, तर काम सोडायच्या १४ कामाचे दिवस आधी मंत्रालयाला कळवायचं. जिवाला धोका वाटला तर थेट ९९९ फिरवा.

५) आपल्या सरकारची मदत

दुबईत भारतीय वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर गावाकडून तुमची बायको किंवा भाऊसुद्धा तक्रार नोंदवू शकतो. वकिलात खिशातून पगार देत नाही, पण मालकाशी बोलते, कायद्याचा सल्ला देते, आणि अगदीच अडलेल्याला तात्पुरता निवारा किंवा तिकीटही देऊ शकते.

परत यावंच लागलं, तर निघण्याआधी विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा, म्हणजे दावा चालू राहतो. आणि "हिशेब पूर्ण मिळाला" या कागदावर फक्त तिकिटासाठी सही करू नका. त्या एका सहीत तुमचं गॅरेज जातं.

आजचा गृहपाठ

तुम्ही किंवा घरातलं कुणी तिकडे असेल, तर आजच पासपोर्ट, व्हिसा आणि कराराचे फोटो घरच्या एका माणसाला पाठवून ठेवा. अजून जायचे असाल, तर एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते तपासा. व्हिजिट व्हिसावर "तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा लावतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्या व्हिसावर काम करणंच बेकायदा आहे, आणि पगार बुडाला तर दाद मागणं फार अवघड होतं.