पाण्याखालील छायाचित्रण : साधनांची निवड

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्रात प्रवाळ, शेवाळ आणि रंगीबेरंगी मासे यांचे एक वेगळेच जग नांदत आहे. १९८७ साली या परिसराला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हे जग पाहण्यासाठी पाण्याखाली उतरणाऱ्यांची संख्या वाढली, तशी ते कॅमेऱ्यात टिपण्याची हौसही वाढली. साधने घेताना मात्र बहुतेकांची दृष्टी प्रथम कॅमेऱ्याकडे वळते. वस्तुतः त्याचा विचार सर्वांत शेवटी करावयास हवा. कारण पाण्याखालचा छायाचित्रकार हा आधी पाणबुड्या असतो.

श्वासाची तरतूद

पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे १० मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट हवा लागते. १२ लिटरच्या नळकांड्यात २०० बार दाबाने भरलेली हवा सुमारे २,४०० लिटर होते. मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्यास ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल. १० मीटरवर एकच तास, आणि त्यातूनही परतीसाठी साठा राखावा लागतो. छायाचित्रात रमलेल्या माणसाला वेळेचे भान राहत नाही. म्हणून हवेचा दाब आणि खोली सहज नजरेस पडेल अशी मापके निवडावीत. सोबत्याला हवा देता यावी यासाठी दुसरा मुखनळ असणेही अत्यावश्यक आहे.

स्थैर्य

हवा भरून फुगविता येणारे जाकीट आणि शिशाची वजने यांच्या साहाय्याने पाणबुड्या पाण्यात अधांतरी स्थिर राहतो. पाठीकडून फुगणारे जाकीट छायाचित्रकारास विशेष सोयीचे. कारण त्यात शरीर आडवे राहते आणि छातीपुढील जागा मोकळी राहते. वजने गरजेपेक्षा अधिक घेतल्यास पाणबुड्या तळाशी आदळतो, वाळू उडते व चित्र गढूळ होते. प्रवाळही मोडतात. ते अत्यंत सावकाश वाढतात. एका धक्क्याने झालेली हानी भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. दाबमापकाच्या आणि मुखनळाच्या नळ्या लोंबत न ठेवता जाकिटाला अडकवून ठेवाव्यात, त्या याचसाठी.

मास्क चेहऱ्यावर घट्ट बसणारा, आत कमी हवा मावणारा आणि काळ्या कडेचा असावा. काळ्या कडेमुळे बाजूचा प्रकाश आत येत नाही व कॅमेऱ्याचा पडदा स्पष्ट दिसतो.

कॅमेरा आणि प्रकाश

कॅमेऱ्याची जलरोधक पेटी रबरी कड्यामुळे बंद राहते. या कड्यावर एखादा केस वा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरू शकते. यास्तव रिकामी पेटी प्रथम पाण्यात बुडवून तपासावी आणि मगच तीत कॅमेरा ठेवावा.

पाणी तांबडा रंग सर्वप्रथम शोषून घेते. त्यामुळे थोड्याच खोलीवर सारे निळे-हिरवे दिसू लागते आणि मूळ रंग आणण्यासाठी कृत्रिम प्रकाश लागतो. हा दिवा भिंगाशेजारी नसावा. कारण पाण्यातील कण उजळून चित्रावर पांढरे ठिपके उमटतात. लांब दांड्यावर बसवून त्याचा प्रकाश बाजूने टाकावा. रुंद कोनाचे भिंग घेऊन वस्तूच्या जवळ जाणे सर्वांत हितकारक. कारण मधले पाणी जितके कमी, तितके चित्र स्वच्छ.

पथ्य

वर येताना श्वास कधीही रोखून धरू नये. दाब कमी होताच फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते आणि त्यामुळे प्राणघातक इजा होऊ शकते. समोर कितीही दुर्मीळ दृश्य असले तरी या नियमाला अपवाद नाही.

किनाऱ्यावरील गावांतून पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या तरुणांनी, आणि त्यांना उत्तेजन देणाऱ्या ग्रामपंचायतींनी, एक साधी कसोटी लावावी. जो तळाला वा प्रवाळाला स्पर्श न करता काही मिनिटे एका जागी स्थिर राहू शकतो, त्याच्याच हाती पाण्याखाली कॅमेरा द्यावा. इतरांनी प्रथम प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करावा. त्यातच पाणबुड्याचे आणि सागराचेही हित आहे.