नव्या भट्टीचा पहिला जाळ

करमाळा तालुक्याच्या पूर्वेस सीना नदी वाहते, तर पश्चिमेस व दक्षिणेस भीमा. मधला बहुतेक प्रदेश अवर्षणप्रवण आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर भीमाकाठच्या शिवारात ऊस उभा राहिला; माळावरच्या गावांचा भरवसा मात्र ज्वारी आणि तुरीवरच राहिला. अशा मुलखात उन्हाळ्यात माठातील गार पाणी ही चैनीची बाब नव्हे. कुंभाराचे वर्षही या हवामानाशी आणि सणवारांशी बांधलेले असते. नवरात्रातील घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडे, फाल्गुनापासून माठ व रांजण आणि अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने द्यावयाची करा-केळी, असा हा क्रम आहे. पावसाळ्यात भाजणी जवळजवळ बंदच असते.

यांतील प्रत्येक भांडे शेवटी आगीतून जाते. परंपरेने हे काम उघड्या आव्यात होते. जमिनीवर गोवऱ्या, काटक्या व मडकी यांचे थर रचावयाचे, वरून पाचट व खापऱ्यांचे आच्छादन घालावयाचे आणि आग लावावयाची. बांधकामाचा खर्च नाही हा याचा गुण. परंतु उष्णतेचा मोठा भाग हवेत निघून जातो, वारा फिरला की एका बाजूची मडकी कच्ची राहतात व दुसऱ्या बाजूची तडकतात. विटांची गोल भिंत, खाली जाळाची खोली, मध्ये छिद्रांची जाळी आणि वर मडकी रचण्याची खोली अशी लहानशी भट्टी घरच्या घरी बांधली, तर जळण वाचते आणि भाजणीवर ताबा राहतो. मात्र अशा भट्टीचे आयुष्य तिच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत ठरते. घाईने दिलेल्या पहिल्याच जाळात भिंत फुटली आणि महिनाभराचा माल गेला, तर कुंभार पुन्हा उघड्या आव्याकडे वळेल, आणि त्यास दोष देता येणार नाही.

ही कल्पना भीमेच्या खोऱ्याला नवी नाही. भीमेची उपनदी घोड. तिच्या काठी, पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील त्या शेतकरी वस्तीत मडकी भाजण्याची गोलाकार भट्टी आढळली. त्या काळातील जोर्वे पद्धतीची भांडी इतकी पक्की भाजलेली आहेत, की त्यांवर टिचकी मारली असता धातूसारखा नाद येतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला जे साधले, ते आज विटा आणि हत्यारे सुलभ असताना साधू नये असे काही नाही.

भिंतीतील पाणी

नव्या भट्टीचा पहिला शत्रू आग नसून पाणी आहे. आतून चार फूट रुंद, सहा फूट उंच आणि दीड वीट जाडीची भिंत असलेल्या भट्टीस सुमारे दीड हजार विटा लागतात. बांधण्यापूर्वी विटा भिजवाव्या लागतात, सांध्यांसाठी चिखल कालवावा लागतो. हे सारे धरल्यास काम संपते त्या दिवशी भिंतीत काही शे लिटर पाणी मुरलेले असते. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळच्या सुमारे १,७०० पट जागा मागते. वाफेला सावकाश वाट मिळाली, तर ती सांध्यांतून निघून जाते. एकदम कडक जाळ दिला, तर ती वाट फोडून काढते. वीट उडते, गिलाव्याचे पोपडे सुटतात, जाळी खचते आणि जाळीवरचा माल खाली कोसळतो.

त्यामुळे तयारीचा विचार पाया घालतानाच करावा लागतो. काळी माती पाण्याने फुगते व वाळल्यावर भेगाळते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. तशा जमिनीवर थेट भिंत उभारली, तर पहिल्याच पावसाळ्यात ती कलते. काळी माती काढून मुरूम धुम्मस करावा व जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा हातभर उंच घ्यावी. सांध्यांसाठीही निव्वळ काळी माती उपयोगाची नाही. तांबूस माती, चाळलेली वाळू आणि विटांचा भुगा यांचा चिखल बरा. सिमेंट वापरण्याचा मोह अनेकांना होतो. मजबुती म्हणजे सिमेंट, असे समीकरणच गावोगाव झाले आहे. परंतु लालभडक उष्णतेत सिमेंटची पकड सुटते. चुन्याचेही तसेच आहे. तो भाजून निघतो आणि पुढे हवेतील ओलाव्याने फुगून सांधा उकलतो. मातीचा सांधा मात्र आगीत भाजून विटेशी एकजीव होतो. जाळाच्या खोलीत काळा दगड किंवा नदीतील गोटे बसवू नयेत. तापल्यावर ते तडकतात, आणि ओल धरलेला गोटा तर फुटून उडण्याचा धोका असतो.

बांधकाम दसऱ्यानंतर पाऊस ओसरला, की हाती घ्यावे. कार्तिकातील कोरडी हवा भट्टी वाळविण्यास फार अनुकूल असते. जाळाचे तोंड, धुराडे व वरचे तोंड उघडे ठेवून किमान तीन आठवडे भट्टी तशीच राहू द्यावी. अवेळी पाऊस आल्यास झाकण्यापुरते पत्रे जवळ असावेत. भिंत बाहेरून वाळलेली दिसली, तरी आतला गाभा ओला असतो. हिशेब सरळ आहे. दिवाळी संपता संपता भिंत उभी राहिली, तर मार्गशीर्षात धुमी देता येते आणि पौषातील संक्रांतीला सुगडे बाजारात जातात.

धुमी

धुमी म्हणजे रिकाम्या भट्टीस दिलेला मंद शेक. पहिल्या दिवशी जाळ आत घालूच नये. तोंडाच्या बाहेरच्या बाजूस चार-पाच गोवऱ्या पेटवून त्यांची ऊब आत ओढली जाईल एवढेच पाहावे. तीन-चार तासांनी विस्तव विझू द्यावा व भट्टी रात्रभर उघडी ठेवावी. दुसऱ्या दिवशी गोवऱ्या तोंडाच्या आत सरकवाव्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बारीक काटक्या व बेताचा जाळ द्यावा. भिंतीला बाहेरून हात लावला असता चटका बसू नये, अशी मर्यादा या दिवसांत पाळावी.

पाणी संपले की नाही, हे ओळखण्याची युक्ती अगदी साधी आहे. धुराड्याच्या तोंडावर क्षणभर थंड आरसा किंवा स्वच्छ विळ्याचे पाते धरावे. त्यावर धुके धरले, तर भिंत अजून पाणी सोडते आहे असे समजावे. लाकडाच्या धुरातही थोडी वाफ असते. म्हणून ही परीक्षा ज्वाला बसून निखारे राहिल्यावर करावी. लागोपाठ दोन दिवस आरसा कोरडा राहिला, म्हणजे धुमी पुरी झाली.

या काळात भिंतीवर केसासारख्या भेगा पडतात. त्या पाहून घाबरण्याचे कारण नाही. तापताना भिंत ताणते, निवताना आकसते. भेगेच्या दोन्ही टोकांशी खडूने खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी ती खुणेच्या पुढे गेली का ते पाहावे. गरम भिंतीवर ओला चिखल थापणे ही हमखास होणारी चूक आहे. भट्टी पूर्ण निवल्यावरच विटांच्या भुग्याचा पातळ काला भेगेत जिरवावा. नाणे उभे शिरेल इतकी भेग रुंद असेल, तर भट्टीभोवती जाड तारेचा किंवा लोखंडी पट्टीचा वेढा आवळून घ्यावा.

भट्टी पेटविण्यापूर्वी नारळ फोडण्याची रीत आहे आणि ती असावी. मात्र मुहूर्त धरावयाचा तर तो धुमीचा धरावा. भरलेल्या भट्टीचा मुहूर्त आधीच ठरला, पाहुण्यांना निरोप गेले, म्हणजे आरसा काय सांगतो इकडे कोणी पाहत नाही.

पहिली भरणी

पहिल्या भरणीत उत्तम माल घालू नये. कच्च्या विटा, जाड परळ, झाकण्या आणि वेगवेगळ्या उंचीवर मोजकी मडकी एवढेच ठेवावे. हा माल विक्रीसाठी नसून भट्टीची परीक्षा घेण्यासाठी असतो. जड भांडी खाली, हलकी वर, बहुतेक पालथी. दोन भांड्यांत ज्वाळा फिरण्याइतके अंतर हवे. वरचे तोंड फुटक्या खापऱ्यांनी झाकावे. खापऱ्यांमधील फटी कमी-अधिक करून ओढ सांभाळता येते. भरलेले प्रत्येक भांडे खडखडीत वाळलेले असावे. गालाला लावले असता थंड वाटणारे मडके अजून ओले असते.

जळणाकडे दुर्लक्ष होऊ नये. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते आणि ते उडविण्यातच जाळ खर्ची पडतो. माळावर माजलेल्या वेड्या बाभळीचे फाटे चिरून सहा महिने वाळविले, तर उत्तम निखारा मिळतो. शेवटच्या टप्प्यात लांब ज्वाळा हवी असते. तेथे तुरकाठ्या उपयोगी पडतात.

जागेचा प्रश्न पंचायतीच्या कक्षेत येतो. करमाळा भागात घरोघरी कडब्याच्या गंजी असतात आणि एक ठिणगी वर्षाचा चारा नेऊ शकते. भट्टीची जागा गंजींपासून व वस्तीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास असावी. पाण्याने भरलेले पिंप व वाळूचा ढीग जवळ असावा. वारा पडलेला असताना, पहाटे जाळास आरंभ करणे सोयीचे.

पहिले पाच-सहा तास मंद जाळ. धुराड्यातून निघणारी पांढुरकी वाफ थांबेपर्यंत जाळ वाढवू नये. त्यानंतर मडकी काजळीने काळी पडतात. कारागीर यास भीत नाही. मातीच्या अंगचे पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघून जाते आणि तेथून पुढे माती पुन्हा चिखल होत नाही. याच पट्ट्यात, ५७३ अंशांस, वाळूतील स्फटिक एकाएकी प्रसरण पावतात. म्हणून येथे जाळ समान ठेवावा लागतो. पुढे काजळी जळून जाते, मडकी स्वच्छ दिसू लागतात आणि अंधाऱ्या फटीतून पाहिल्यास आत मंद लाली दिसते. ती पिकल्या चेरीसारखी होऊन नारिंगीकडे झुकू लागली, म्हणजे सुमारे ८०० ते ९०० अंश झाले. माठ-मडक्यांस एवढे पुरे. अर्धा-पाऊण तास ही धग टिकवून जाळाचे तोंड विटा व चिखलाने बंद करावे.

त्यानंतर काही करावयाचे नाही, आणि हेच सर्वांत कठीण जाते. निवताना ५७३ अंशांवर तेच स्फटिक आकसतात. या वेळी तोंड उघडले, तर गार वाऱ्याने चांगली भाजलेली भांडीही उभी चिरतात. किमान एक रात्र व एक दिवस भट्टीस हात लावू नये.

भट्टी उघडल्यावर

प्रत्येक भांडे कोणत्या थरात, कोणत्या बाजूस होते हे लिहून ठेवून ते बाहेर काढावे आणि टिचकी मारून पाहावे. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने थापटून कच्चे मडके ओळखल्याची कथा महाराष्ट्रास परिचित आहे. पक्क्या मडक्याचा खणखणीत आणि कच्च्याचा बद्द आवाज आजही तीच साक्ष देतो. एका बाजूचा माल बद्द वाजला, तर त्या बाजूची जाळीतील छिद्रे थोडी मोठी करावीत. सर्व माल खाली पक्का व वर कच्चा निघाला, तर ओढ कमी पडली असे समजून धुराडे हातभर वाढवावे.

आणखी एक परीक्षा या भागात आवश्यक आहे. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो. मडके भट्टीतून धड निघते, पण काही दिवसांनी हवेतील ओल शोषून खडा फुगतो व अंगावरचा टवका उडतो. गिऱ्हाईक माठ परत आणते, तेव्हा दोष भाजणीस दिला जातो. वास्तविक तो माती न चाळल्याचा असतो. पहिल्या भरणीतील दोन-तीन भांडी आठ दिवस पाण्यात ठेवावीत. टवके उडाले, तर माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळून घ्यावी. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली तलावांतील गाळ काढला जातो. तो मऊ व चिवट असल्याने कुंभाराच्या कामी येतो; परंतु वाळताना फार आकसतो, म्हणून त्यात बारीक वाळू, राख किंवा घोड्याची लीद मिसळावी लागते.

शासकीय साहाय्याचा विचार करतानाही भट्टीकडे पाहणे अगत्याचे आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकामाचा समावेश असून प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या दराने कर्ज यांची तरतूद तीत आहे. विजेच्या चाकाची मागणी पुष्कळ होते, कारण चाक दिसते. चाकाने मडक्यांची संख्या वाढते. ती सर्व जुन्याच आव्यात फुटणार असतील, तर वाढलेल्या संख्येचा उपयोग मर्यादित आहे. लाभार्थ्यांची यादी करणाऱ्या ग्रामसेवकाने अर्जदाराची भाजणीची सोय कोणती, एवढे विचारले तरी चित्र स्पष्ट होईल. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकास तर वाफ, प्रसरण आणि चुनखडी हे तिन्ही पाठ एकाच भट्टीपाशी मिळतात. विद्यार्थ्यांना मात्र निवलेल्या भट्टीपाशीच न्यावे.

दुसऱ्या भरणीसाठी पहिल्या जाळाची नोंद वही उघडून पुढे ठेवावी. कोणत्या तासाला किती जळण लागले, वाफ केव्हा थांबली, लाली केव्हा दिसली, कोणत्या थरातील किती नग गेले, हे तीत असेल. या वेळी खालच्या थरात विटांऐवजी सुगडे ठेवावीत आणि माठ तिसऱ्या भरणीसाठी राखून ठेवावेत.