मैदान सर्वांचे

थंडी पडू लागली, की महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणेच वाशीम जिल्ह्यातील मालेगाव येथेही शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांची धामधूम सुरू होते. फक्कीने मैदान आखले जाते. कोणी धावण्याचा सराव करतो, कोणी कबड्डीचा संघ जुळवतो. अशा वेळी वर्गातील एखादा विद्यार्थी मात्र कुंपणाशी बसून असतो. त्याला चालता येत नाही किंवा दिसत नाही, म्हणून मित्रांनी त्याला टाळ्या वाजवण्याचे काम दिलेले असते. ते प्रेमानेच दिलेले असते, यात शंका नाही. परंतु त्यालाही खेळावयाचे आहे काय, हे कोणी विचारलेलेच नसते.

मुलांनो, शरीर अधू झाले म्हणजे खेळ संपला, हा समज किती खोटा आहे, हे महाराष्ट्राच्याच एका सुपुत्राने दाखवून दिले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात होते व मुष्टियुद्धात निपुण होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि त्यांचे कमरेखालील शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध कायमचे अंतरले. उपचारासाठी म्हणून ते पाण्यात उतरले, आणि पुढे पोहणे हाच त्यांचा खेळ झाला. १९७२ साली तत्कालीन पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिक, म्हणजे दिव्यांग खेळाडूंची जागतिक स्पर्धा, भरली. तेथे पेटकरांनी ५० मीटरांची शर्यत ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला आणि सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमध्ये भारताला लाभलेले ते पहिले सुवर्णपदक होय. २०१८ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

या यशात त्यांच्या जिद्दीचा वाटा मोठा होता. तथापि आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ती शर्यत त्यांच्यासारखीच शारीरिक स्थिती असलेल्या खेळाडूंमध्ये झाली. तशी शर्यत कोणी भरवलीच नसती, तर त्यांची जिद्द कोठे प्रकट झाली असती?

कोणी म्हणेल, "वेगळे नियम करणे म्हणजे सवलत देणे नव्हे काय?" तुमच्या कबड्डीतही वयाचे व वजनाचे गट असतात. त्याला कोणी दया म्हणत नाही. तो न्याय असतो. त्याच न्यायाने अंध धावपटूसोबत एक डोळस सोबती धावतो. दोघांच्या हातांत एकच दोरी असते. परंतु सोबत्याने धावपटूला पुढे ओढावयाचे नसते. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू वाजतो, म्हणून तो कानांनी ओळखता येतो. बैठ्या व्हॉलीबॉलमध्ये मैदान लहान व जाळी खाली असते. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी शिट्टीबरोबर निशाण हलवले, तरी पुरते. यांपैकी कशालाही फारसा खर्च नाही. थोडा विचार मात्र लागतो.

दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने शिक्षण व खेळाची संधी मिळावी, असे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो. पण कायदा मैदानावर येऊन फक्की आखत नाही. ते काम शिक्षकांचे आणि तुमचे आहे. स्पर्धा ठरवण्यापूर्वी त्या मित्राजवळ जा. त्याला कोणता खेळ आवडतो, काय जमते, कोणती अडचण येते, हे त्यालाच विचारा. मग नियम ठरवा आणि ते काटेकोरपणे पाळा. तो जिंकला तर मनापासून अभिनंदन करा. हरला तर उगाच बक्षीस देऊ नका. हरण्याचा अधिकारही प्रत्येक खेळाडूला असतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उतरण्याचाही!

स्वाध्याय

१. पेटकर पोहण्याकडे कसे वळले?
२. 'तो न्याय असतो' असे लेखकाने कशाविषयी म्हटले आहे?
३. तुमच्या शाळेतील एखाद्या खेळाचा नियम सर्वांना खेळता यावे म्हणून कसा बदलाल, ते लिहा.