एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत

वडिलांनीं बँकेच्या ॲपवरून वसतिगृहाचें शुल्क पाठवावयास सांगितलें, तेव्हां घाईंत आमच्या हातून खातें क्रमांकाचा एक अंक चुकला. सुदैवानें त्या क्रमांकाचें खातेंच नव्हतें. म्हणून रक्कम परत आली. तें कोणा परक्याचें असतें, तर पैसे परत मिळणें कठीणच होतें. यास्तव ही रीत नीट समजून घेऊं.

ज्यास पैसे द्यावयाचे, त्याची प्रथम ‘लाभार्थी’ म्हणून नोंद करावी. त्यासाठीं त्याचें नांव, खातें क्रमांक व आयएफएससी हा संकेतांक लागतो. या संकेतांकांत ११ चिन्हें असतात. पहिलीं ४ अक्षरें बँक दाखवितात, पांचवें शून्य असतें व शेवटचीं ६ शाखा दाखवितात.

नंतर मार्ग निवडावा. एनईएफटीनें पैसे दर अर्ध्या तासाच्या तुकडीनें जातात. डिसेंबर २०१९ पासून ही सोय अहोरात्र आहे. आयएमपीएसनें ते तत्काळ पोंचतात. आरटीजीएस २ लाख रुपये व त्याहून मोठ्या रकमांसाठीं आहे.

ध्यानांत ठेवावें कीं, रक्कम जमा होते ती क्रमांकावरून, आपण लिहिलेल्या नांवावरून नव्हे. म्हणून क्रमांक दोनदां ताडून पाहावा. खातेदाराचें नांव पडद्यावर दिसण्याची सोय असेल, तर तें वाचावें. आधीं एक रुपया पाठवून तो पोंचल्याचें विचारावें. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगूं नये.

यंत्र आज्ञा पाळतें, हेतु जाणत नाहीं. हेतु जपण्याची जबाबदारी आपलीच आहे.