कर कोण घेतो, खर्च कोण करतो? : संघराज्यातील अर्थव्यवहाराचा पाठ



नागरिकशास्त्राच्या पाठात केंद्र, राज्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांची कार्ये आपण मुलांकडून पाठ करून घेतो. संरक्षण केंद्राकडे, पोलीस राज्याकडे, दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे, ही उत्तरे मुले चटकन देतात. परंतु या कार्यांसाठी लागणारा पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो, असे विचारले की वर्ग गप्प होतो. आणि पुष्कळदा आपणही ‘सरकार देते’ एवढ्यावर भागवतो. या एका शब्दाने निरनिराळ्या तिजोऱ्या झाकल्या जातात. तिजोरी कोणाची हे न कळल्यास मागणी कोणाकडे करावी व जाब कोणास विचारावा, हेही कळत नाही. म्हणून हा पाठ केवळ परीक्षेपुरता नाही. तो आपल्या ठाणे जिल्ह्यातीलच उदाहरणांनी कसा शिकवता येईल, याचे विवेचन पुढे केले आहे.

१. प्रश्न जुना आहे

कोणत्या सत्तेने कोणता कर घ्यावा, हा वाद स्वातंत्र्यापूर्वीपासूनचा आहे. १८३३ च्या सनदी कायद्याने इंग्रजी अमलातील प्रांतांचा सर्व अर्थव्यवहार केंद्राच्या हाती गेला. प्रांताने खर्च करावा आणि त्यासाठी पैसा मात्र केंद्राकडे मागावा, अशी स्थिती झाली. १८७१ पासून, लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत, काही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवण्यात आली. त्यांत पोलीस, तुरुंग, रस्ते यांच्याबरोबर शिक्षणही होते. या साऱ्या इतिहासाचा शास्त्रशुद्ध अभ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष या विषयाचे असे जाणकार होते, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

संविधानाने कराचे विषय वाटून दिले. शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर व सीमाशुल्क केंद्राकडे. जमीनमहसूल, वाहनकर, व्यवसायकर ही साधने राज्याकडे. मोठे वाढते कर केंद्राकडे आणि शाळा, दवाखाने, पोलीस यांचा नित्य वाढता खर्च राज्यांकडे, अशी ही विभागणी असल्यामुळे केंद्राच्या उत्पन्नातील काही भाग राज्यांना देणे क्रमप्राप्तच होते. त्याचे प्रमाण ठरवण्यासाठी संविधानाच्या २८० व्या अनुच्छेदाप्रमाणे वित्त आयोग नेमला जातो. पहिला आयोग १९५१ साली नेमला गेला, तेव्हा केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते.

२. वेतनपत्रकापासून आरंभ

दूरची उदाहरणे शोधण्याचे कारण नाही. आपले वेतनपत्रक हेच उत्तम साधन होय. नियमित वेतनश्रेणीतील शिक्षकाच्या वेतनातून व्यवसायकर म्हणून दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. याहून अधिक व्यवसायकर घेण्यास संविधानाचीच मनाई आहे. हा कर राज्याचा. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करावा, या हेतूने त्याचा कायदा महाराष्ट्राने १९७५ साली केला. मुरबाड-शहापूरच्या मजुराला बंधाऱ्याच्या कामावर मजुरी मिळावी म्हणून नोकरदाराने दिलेला हा वाटा होता.

ज्यांच्या वेतनातून प्राप्तिकर कापला जातो, तो केंद्राकडे जातो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी केंद्राच्या विभाज्य करांपैकी ४१ टक्के भाग सर्व राज्यांना मिळून दिला. मात्र प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर असतो, तो या वाटपात येत नाही. उपकर आणि अधिभार केंद्राकडेच राहतात. त्यामुळे केंद्राने करांऐवजी उपकर वाढवले, तर राज्यांचा वाटा कागदावर तितकाच राहून प्रत्यक्षात घटतो. राज्यांच्या तक्रारींपैकी ही एक मोठी तक्रार आहे.

३. साबणाच्या वडीचे गणित

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे दर बदलले, तेव्हा वह्या, पेन्सिली व खोडरबर करमुक्त झाले आणि अंगाच्या साबणावरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कल्याणच्या बाजारात एखाद्या पालकाने करापूर्वी १०० रुपये किमतीचा साबण घेतला, तर त्याने ५ रुपये कर दिला. त्यातील अडीच रुपये राज्याचे व अडीच रुपये केंद्राचे. केंद्राच्या अडीच रुपयांपैकी ४१ टक्के, म्हणजे १ रुपया अडीच पैसे, सर्व राज्यांत वाटायचे. पंधराव्या आयोगाने त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरवला होता. म्हणजे या वाटेने महाराष्ट्राकडे परत आले सुमारे साडेसहा पैसे. शेकडेवारीच्या तासाला हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे.

उत्तर आले की एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, “गुरुजी, कर आपण दिला, मग परत इतकेच का?” हा प्रश्न टाळू नये. पाठाचे मर्म याच प्रश्नात आहे.

पहिल्या वित्त आयोगाने प्राप्तिकराचा ५५ टक्के भाग राज्यांना दिला आणि तो वाटताना ८० टक्के भर लोकसंख्येवर व २० टक्के भर वसुलीवर ठेवला. पुढे वसुलीचा विचार मागे पडत गेला. पंधराव्या आयोगाने सर्वाधिक भार, ४५ टक्के, राज्याच्या दरडोई उत्पन्नातील उणेपणाला दिला; कर उभारण्याच्या प्रयत्नाला अवघा अडीच टक्के. म्हणून उत्तर प्रदेशाच्या वाट्याला जवळजवळ १८ टक्के आले.

हे न्याय्य आहे काय? उत्तर देण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. ठाणे शहरातील दुकाने, कारखाने व घरखरेदी यांतून राज्याला जो महसूल मिळतो, त्याच्याशी मुरबाड तालुक्यातील महसुलाची तुलना होऊ शकेल काय? तरीही मुरबाडच्या पाड्यावरील शाळेतील शिक्षकाचे वेतन राज्याच्या अनुदानातून होते आणि ते ठाणे शहरातील शिक्षकाहून कमी नसते. जेथे वसुली तेथेच खर्च, हा नियम लावला तर सर्वांत आधी आपल्या आदिवासी पाड्यांवरील शाळा बंद पडतील. ज्या तत्त्वावर मुरबाडची शाळा चालते, त्याच तत्त्वावर देशातील मागास राज्यांना अधिक वाटा मिळतो. तो किती असावा, याविषयी महाराष्ट्राने आग्रहाने आपली बाजू जरूर मांडावी. पण तत्त्वच नाकारू नये.

४. जकात नाका गेला, पुढे काय?

मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात घेणारा मुलुंडचा नाका ठाणेकरांच्या चांगल्या परिचयाचा होता. मालमोटारींच्या रांगा तेथे तासन् तास लागत. ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांचेही उत्पन्न एके काळी मुख्यतः जकातीवर अवलंबून असे. पुढे जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला; १ ऑगस्ट २०१५ पासून तो ५० कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना माफ झाला. शेवटी वस्तू व सेवा कर आणणाऱ्या १०१ व्या घटनादुरुस्तीने मालाच्या प्रवेशावर असा कर बसवण्याचा अधिकारच राज्यसूचीतून काढून टाकला.

व्यापाराला यामुळे मोकळी वाट मिळाली, हे खरे. परंतु महापालिकांचा हक्काचा मोठा स्रोत गेला. तो भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला. त्यानुसार २०१६-१७ हे आधारवर्ष धरून, दरसाल ८ टक्के वाढीसह, राज्य दरमहा महापालिकांना भरपाई देते. ही भीक नव्हे, कायद्याने ठरलेले देणे आहे. तथापि स्वतःच्या विहिरीचे पाणी आणि दुसऱ्याने पाटाने सोडलेले पाणी यांत जो फरक, तो येथेही राहतोच. ज्या नगरसेवकांनी कर बसवायचा नाही, त्यांना नागरिक खर्चाचा जाबही तितक्या आस्थेने विचारीत नाहीत.

५. सत्तावीस गावांची गोष्ट

कर व सेवा यांचा संबंध किती नाजूक असतो, हे पाहायचे असल्यास कल्याण-डोंबिवलीलगतच्या निळजे, भोपर, पिसवली आदी २७ गावांचे उदाहरण घ्यावे. १९८३ साली महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तीत होती. २००२ साली ती वगळली गेली, आणि १ जून २०१५ पासून पुन्हा समाविष्ट झाली. २०२० साली त्यांतील १८ गावे वेगळी काढून नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात रद्द ठरवला.

एवढ्या उलथापालथीत घर तेच, विहीर तीच, रस्ता तोच. बदलत गेली ती कर घेणारी संस्था. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीऐवजी महापालिकेचा मालमत्ताकर आला आणि कर वाढला; पण पाणी, रस्ते, गटारे त्या मानाने आली नाहीत, अशी तेथील रहिवाशांची प्रमुख तक्रार राहिली. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, असे संस्थेने म्हणावे. आणि पोहरा रिकामाच येतो तर दोर आम्ही का ओढावा, असे नागरिकाने म्हणावे, असा हा पेच आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, हे मुलांना समजले म्हणजे अर्थकारणाचा पहिला धडा झाला.

६. शाळेच्या अंगणातील चार तिजोऱ्या

आता आपल्या शाळेकडे पाहू. शिक्षकाचे वेतन जिल्हा परिषदेमार्फत मिळते, पण पैसा राज्याचा. समग्र शिक्षा योजनेतील खर्च केंद्र ६० व राज्य ४० या प्रमाणात सोसतात. पोषण आहाराचा तांदूळ केंद्राचा. आमटी-भाजी शिजवण्याचा खर्च पुन्हा ६० व ४० असा. शाळेच्या नळाची दुरुस्ती ग्रामपंचायतीने केली, तर ती बहुधा वित्त आयोगाच्या अनुदानातून. पंधराव्या आयोगाने या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता. गावच्या घरपट्टीतून ग्रामपंचायत दिवाबत्ती पाहते. म्हणजे एका खिचडीच्या पातेल्याभोवती चार तिजोऱ्या उभ्या आहेत. नळ कोरडा पडला तर अर्ज ग्रामपंचायतीकडे. तांदूळ आला नाही तर कळवायचे पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला. मागणी योग्य दारी नेणे, हेच या ज्ञानाचे फळ.

पाठ घेताना मुलांना घरून घरपट्टीची पावती व दुकानाचे एखादे बिल आणण्यास सांगावे. फळ्यावर केंद्र, राज्य, जिल्हा परिषद व ग्रामपंचायत अशी चार घरे आखून प्रत्येक रक्कम कोणत्या घरात जाते, ते मुलांकडूनच भरून घ्यावे. शक्य असल्यास ग्रामसभेत वाचला जाणारा जमाखर्च मोठ्या मुलांना ऐकवावा.

सरावासाठी प्रश्न

१. करापूर्वी २०० रुपये किमतीच्या साबणावर ५ टक्के दराने कर किती? त्यात राज्याचा भाग किती?
२. जकात बंद झाल्याने कोणाचा लाभ झाला व कोणाची अडचण झाली?
३. वसुली जेथे झाली तेथेच सर्व पैसा खर्च करावा, असे ठरल्यास आपल्या शाळेचे काय होईल?
४. आपल्या गावातील एक अपुरे काम सांगा. त्याचा अर्ज कोणाकडे करावा, आणि का?